म्युनिकचं आझाम चर्च : प्लॅस्टरचा संगमरवर कसा केला असेल?

पेणचा मूर्तिकार

मंडळी, नमस्कार. मी पेणचा. आजोबांपासून घरात गणपतीचा कारखाना आहे आणि मी स्वतः ४१ वर्षं शाडूत आणि पीओपीत हात घालून आहे. अनंत चतुर्दशी झाली की आमच्याकडे जरा उसंत मिळते. यंदा त्या उसंतीत लेकीकडे म्युनिकला जाऊन आलो. राजवाडे, संग्रहालयं सगळं दाखवलं पोरांनी, त्याबद्दल लिहीत बसत नाही. मला विचारायचंय ते एका लहानशा चर्चबद्दल. परत येऊन दीड महिना झाला, तरी ते डोळ्यांपुढून हलत नाही.

झेंडलिंगर श्ट्रासे म्हणून दुकानांचा रस्ता आहे. दोन्ही बाजूंना भिंतीला भिंत लागून इमारती. त्याच रांगेत हे चर्च. पुढे अंगण नाही, बाजूला मोकळी जागा नाही, आळीत घराला घर लागून असतं तसं. पण दर्शनी भाग बघून पाय थबकले. दाराच्या दोन्ही अंगांना तळाशी न घडवलेले खडक आहेत, डोंगरातून काढून आणले तसेच ठेवलेले. आणि त्या ओबडधोबड दगडांतून वर गुळगुळीत खांब निघतात. दारावर एक संत गुडघे टेकून बसलेत, त्यांच्याभोवती देवदूत. खडक तसेच का ठेवले असतील, हा पहिला प्रश्न मला रस्त्यावरच पडला.

आत गेलो. लेकीने मोबाइलवर बघून सांगितलं, लांबी २२ मीटर, रुंदी ८ मीटर. मी मनात फुटांचा हिशेब केला, ७२ बाय २६. आमची मोठी शेड ७० बाय २५ आहे. म्हणजे आमच्या शेडएवढी जागा! त्या शेडमध्ये आषाढ लागला की पाय ठेवायला जागा नसते. इथे तेवढ्याच मापात खाली वेदी, वर सभोवार सज्जा, सज्ज्याच्या पातळीवर दुसरी वेदी, पिळाचे चार खांब, त्यावर आणखी मूर्ती आणि सगळ्याच्या वर रंगवलेलं छत. एक वीत भिंत कोरी नाही. आणि तरी गुदमरायला होत नाही. खाली बाकांवर बसलं की अंधारलेलं, तांबूस, काळपट वाटतं. मान वर करत जावं तसा उजेड वाढतो, आणि उजेड येतो कुठून ते दिसत नाही. वेदीच्या वर, पार कॉर्निसला, म्हणजे छताखाली पुढे आलेल्या कडेला टेकून, तीन मुकुटांचं शिरस्त्राण घातलेला परमेश्वर क्रुसावरच्या येशूला दोन्ही हातांत धरून आहे. त्यांच्या मागून प्रकाश येतो. मी आमच्या लोकांना नेहमी सांगतो की मूर्ती अर्धी हाताने होते, अर्धी उजेडाने. मखरात दिवा कुठे ठेवायचा ते न कळणारा माणूस चांगल्या मूर्तीचं मातेरं करतो. इथे तर ज्याने मूर्ती केली त्यानेच खिडकी कुठे ठेवायची तेही ठरवलेलं दिसतंय.

आता मूळ मुद्दा. हे खांब, भिंतींचा खालचा भाग, वेदीभोवतीचं काम बघून मी संगमरवरच समजलो होतो. तांबडा, शिरा असलेला. लेक म्हणाली, बाबा, इथे लिहिलंय की हे प्लॅस्टर आहे, नकली संगमरवर. 'नकली' हा शब्द मला लागला, खोटं कशाला बोलू. आमच्या मालालाही लोक असंच म्हणतात.

मी भिंतीजवळ गेलो. हात लावायला नको होता हे मला कळतं, पण तळहाताची मागची बाजू हलकेच टेकवली. दगड गार लागतो, हे गार लागलं नाही. मग खाली वाकून बघितलं. जमिनीपासून वीतभर उंचीवर एक जुना टवका उडालेला होता, नखाएवढा. मला वाटलं होतं, आत पांढरं आणि वर रंगाचा हात दिसेल. पण रंग आतपर्यंत होता. तांबडी शीर कडेवरून आत वळून खोल गेली होती. अंदाजे एक सेंटिमीटर जाडीचा रंगीत थर आणि त्याच्या मागे खरबरीत करडं काही. मी तिथे उकिडवा बसलो ते लेकीने हाक मारेपर्यंत.

तर जाणकारांना विचारायचंय. पीओपी आमच्याकडे दहाबारा मिनिटांत सेट होतं. बादलीत कालवलं की हात पळवावाच लागतो. मग या लोकांनी त्यात शिरा कधी काढल्या? रंग आतपर्यंत कसा नेला? पिळाच्या खांबाला वळणात शिरून एवढी झिलई हाताने कशी दिली? आणि हे करणारे दोघे भाऊ होते एवढं कळलं, ते कोण होते? पैसा कुणाचा होता?

---

इसारकाठ

काका, नमस्कार. मी नऊ वर्षं म्युनिकला आहे आणि त्या रस्त्यावरून आठवड्यातून दोनदा जाते. तुमचा टवका मी कधी पाहिला नव्हता. काल मुद्दाम गेले, पण अंधार पडला होता, सापडला नाही. पुन्हा बघेन.

भावांबद्दल जे माहीत आहे ते सांगते. थोरला कॉस्मास डामियान आझाम, जन्म १६८६, तो चित्रकार. धाकटा एगिड क्वीरिन, जन्म १६९२, तो मूर्तिकार आणि प्लॅस्टरचं काम करणारा. वडील हान्स गेओर्ग हेही चित्रकारच, मठांची छतं रंगवत गावोगाव फिरायचे. म्हणून एका भावाचा जन्म बेनेडिक्टबॉयर्नचा, दुसऱ्याचा टेगर्नझेचा. म्हणजे तुमच्यासारखंच, घरातच धंदा. वडील गेल्यावर थोरला रोमला शिकायला गेला आणि १७१३ मध्ये तिथल्या सेंट ल्यूक अकादमीचं बक्षीस घेऊन आला. ते पिळाचे चार खांब रोमची आठवण आहेत. तिथल्या सेंट पीटर्स चर्चमध्ये बेर्निनी या शिल्पकाराने वेदीवर जे मोठं छत्र उभं केलंय, त्याचे खांब असेच पिळाचे आहेत.

पैसा कुणाचा, हा तुम्ही विचारलेला सगळ्यात चांगला प्रश्न. पैसा त्यांचाच! हे चर्च कुठल्या राजाने किंवा बिशपने बांधायला सांगितलेलं नाही. एगिडने त्या रस्त्यावर घरं विकत घेतली, एकात स्वतः राहिला आणि शेजारी १७३३ मध्ये हे चर्च बांधायला काढलं. स्वतःसाठी, खासगी देवघर म्हणून. गावकऱ्यांनी तक्रार केली, एवढं सुंदर करताय तर सगळ्यांना येऊ द्या, आणि मग ते सर्वांना खुलं करावं लागलं. १७४६ पर्यंत काम चाललं. स्वतःच मालक असल्यामुळे त्यांना नेहमीचे काही नियम पाळावे लागले नाहीत. चर्चची वेदी साधारणपणे पूर्वेकडे असते, इथे ती पश्चिमेकडे आहे, कारण जागाच तशी मिळाली.

थोरल्या भावाने छत रंगवलं ते १७३५ मध्ये. १७३९ मध्ये तो गेला. पुढची सात वर्षं धाकट्याने एकट्याने निभावलं. तोही १७५० मध्ये गेला तो इथे नाहीच, मानहाइमला दुसऱ्या एका चर्चचं काम चालू असताना.

आणखी एक, जे मला फार आवडतं. चर्चला लागूनच एगिडचं घर आहे, दर्शनी भागावर भरगच्च प्लॅस्टरकाम केलेलं. त्या घराच्या एका खिडकीतून त्याला थेट मुख्य वेदी दिसायची.

---

पेणचा मूर्तिकार

ताई, खिडकीचं वाचून मी थोडा वेळ फोन खाली ठेवला.

आमच्या माजघराला एक खिडकी आहे, ती शेडमध्ये उघडते. वडिलांना शेवटच्या वर्षी जिना उतरवत नव्हता. त्यांनी त्या खिडकीशी खाट लावून घेतली. आडवे पडून ते आखणीचं काम बघायचे आणि एखाद्या मूर्तीचा डोळा चुकला की तिथून सांगायचे, "तिसऱ्या रांगेतला, डावा डोळा जड झालाय." ते नेहमी बरोबर असायचे. त्या धाकट्या आझामाने खिडकी का ठेवली असेल ते मला कुणी समजावून सांगायला नको.

---

चुनखडी

काका, मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत काम करते, मुख्यतः चुना आणि गिलावा. जिप्समचा, म्हणजे तुमचं पीओपी ज्याचं होतं त्याचा, हा प्रकार मी ऑस्ट्रियात एका कार्यशाळेत सहा आठवडे शिकले, तेव्हा हाताने केलेलं सांगते.

याला जर्मनमध्ये श्टुकमार्मोर म्हणतात. तुमच्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर एका वस्तूत आहे आणि ती तुमच्या कारखान्यात असणार: सरस. पीओपी नुसत्या पाण्यात कालवलं तर पळवतं. सरसाच्या पातळ पाण्यात कालवलं तर ते कित्येक तास मऊ राहतं, सरस जितका दाट तितका वेळ जास्त. मग घाई संपते. शिवाय वाळल्यावर ते साध्या पीओपीपेक्षा खूप कठीण होतं, म्हणूनच त्याला झिलई घेता येते.

रंग त्याच पाण्यात आधी घोटून घ्यायचा. मग पीओपी घालून कणकेसारखा गोळा मळायचा. तांबडा एक, गुलाबी एक, करडा एक, असे वेगवेगळे. ते गोळे हाताने तोडून त्यांचे लहानमोठे तुकडे करायचे. शिरेसाठी दुसऱ्या रंगाचं पीओपी पातळ, सायीसारखं करून ते या तुकड्यांवर ओतायचं आणि सगळं दाबून एक लांबट वडी बनवायची. मग अळुवडी कापतो तसे तिचे काप काढायचे. अळुवडीच्या कापात जशी पानाची रेष वळत वळत जाते, तशी इथे शीर आरपार जाते. म्हणून तुमच्या टवक्यात ती आत वळलेली दिसली. हे काप खरबरीत अस्तरावर ओले असताना एकाला एक लावून दाबत जायचे. अस्तर पीओपी आणि वाळूचं, ते तुमचं 'करडं काही'.

थर जाड लावतात, कारण पुढे त्यातला बराच भाग खरवडून टाकायचा असतो. वाळायला लागल्यावर रंध्याने तासतात, मग दगडाने घासतात. घासलं की बारीक भोकं उघडी पडतात. त्याच रंगाचं पातळ पीओपी त्यात भरायचं, वाळू द्यायचं, आणखी बारीक दगडाने घासायचं. पुन्हा भोकं, पुन्हा भरणं. सात-आठ वेळा हे होतं. शेवटी तेल किंवा मेण. पिळाच्या खांबासाठी वेगळी युक्ती नाही, खोबणीच्या गोलाईचे दगड घ्यायचे आणि माणसाने तिथे महिनेच्या महिने बसायचं. एक हात लांब पट्टी झिलईला आणायला मला सबंध आठवडा लागला होता आणि तरी शिकवणाऱ्या बाईंनी ती परत घासायला लावली.

म्हणून 'नकली' शब्दाबद्दल तुम्हाला वाईट वाटलं ते अगदी रास्त आहे. पैसे वाचवायला हे करत नसत. खाणीतला दगड जो रंग देईल तो घ्यावा लागतो. इथे कारागीर रंग ठरवतो, शीर कुठून कुठे न्यायची ते ठरवतो, आणि ज्या वळणात दगडाचा सांधा आला असता तिथे सांधाच येऊ देत नाही.

हाताला गार न लागणं ही आमच्याकडेही ओळखायची पहिली खूण आहे. दगड हातातली ऊब चटकन ओढून घेतो, जिप्सम तेवढी ओढत नाही. पण काका, पुढच्या वेळी हात नको. घामातलं मीठ आणि तेल अशा झिलईला खातं.

मूर्तींबद्दलही थोडं. अशा चर्चमधल्या प्लॅस्टरच्या मोठ्या मूर्ती साच्यातून काढून आणत नसत, जागेवरच हाताने थर चढवत करत. आत लोखंडाचा सांगाडा, त्यावर जाड थर, वर बारीक. सारखं येणारं नक्षीकाम मात्र साच्यातलं असायचं. धाकट्या आझामाचं या बाबतीतलं सगळ्यात धाडसी काम म्युनिकला नाही, रोर नावाच्या गावच्या मठात आहे, १७२३ च्या सुमाराचं. मरिया स्वर्गात जाते आहे, दोन देवदूतांनी तिला धरलंय आणि ती अक्षरशः हवेत आहे. खाली रिकामी शवपेटी आणि थक्क झालेले शिष्य. मागच्या भिंतीतून लोखंड आलंय ते पुढून कुठेही दिसत नाही. तुम्ही विसर्जनाच्या मिरवणुकीसाठी एका पायावर उभा गणपती कधी केला असेल तर त्या लोखंडाचा हिशेब तुम्हाला माझ्याहून चांगला कळेल.

म्युनिकच्या नैर्ऋत्येला वेसोब्रुन म्हणून गाव आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत त्या एका गावातून आणि आसपासच्या वाड्यांतून प्लॅस्टरचे कारागीर सगळ्या युरोपात जात. सहाशेहून जास्त जणांची नावं सापडली आहेत. बाप, मुलगे, पुतणे. उन्हाळ्यात परगावी कामं, हिवाळ्यात घरी. पेण आणि हमरापूर बघितलं तेव्हा मला वेसोब्रुनच आठवलं होतं.

गोव्यात हा प्रकार मी पाहिलेला नाही. तिथे भिंती जांभ्याच्या, गिलावा शिंपल्यांच्या चुन्याचा आणि वेदी लाकडात कोरून सोन्याच्या वर्खाने मढवलेल्या. साहजिक आहे, जिप्समला ओल चालत नाही, ते पाण्यात थोडं थोडं विरघळतंच. कोकणच्या पावसात त्याची गत काय होते ते पेणच्या माणसाला सांगायला नको.

---

साधी_रेघ

चर्चा चांगली चालली आहे, पण मला प्रामाणिकपणे लिहावंसं वाटतं. मी गेल्या वर्षी तिथे गेलो होतो आणि दहा मिनिटांत बाहेर आलो. दाराजवळच सोनेरी सांगाडा कात्रीने आयुष्याचा धागा कापतोय, वर सोनं, खाली लाल, जिकडे तिकडे पंख आणि हात. मला देवळात शांतता लागते. आमच्या गावच्या कौलारू देवळात एक समई असते, तेवढ्यात माझं मन लागतं. एवढा पसारा कशासाठी?

---

वसईची

साधी_रेघ, मीही वसईच्या साध्या चर्चमध्ये लहानाची मोठी झाले, त्यामुळे तुमचं म्हणणं कळतं. पण तो सांगाडा आणि ते सोनं वेगवेगळं बघू नका. ते एका वाटेवर आहेत. दारात मरण, खाली अंधारात आपण बाकांवर बसलेले, मध्ये संत आणि सगळ्यात वर, उजेडात, पवित्र त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. मूर्तिकारकाकांना उजेड खालून वर वाढत गेलेला दिसला, तीच त्या चर्चची प्रार्थना आहे. मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, तासभर बसलं की मान आपोआप वर जाते.

काका, खडकांचं सांगते. हे चर्च संत जॉन नेपोमुक यांचं. ते प्रागचे धर्मगुरू. राजा वेन्सेस्लास चौथा याच्या माणसांनी १३९३ मध्ये त्यांना पुलावरून व्हल्टावा नदीत फेकून मारलं. दाराशी जे खडक आहेत ते त्या नदीकाठचे, असा अर्थ लावतात. म्हणजे रस्त्यावरून आत जाताना तुम्ही जणू नदीच्या काठावर उभे असता. त्यांच्या चित्रांत डोक्याभोवती पाच तारे दाखवतात, कारण ते बुडाले तिथे पाण्यावर तारे चमकले अशी श्रद्धा आहे.

मारलं का, याच्या दोन हकिकती आहेत. आम्हाला लहानपणी फादरांनी सांगितलेली अशी: राणी त्यांच्याकडे पापनिवेदन करायची. राजाने विचारलं, तिने काय सांगितलं ते बोल. ते बोलले नाहीत. पापनिवेदनात ऐकलेलं धर्मगुरूने कुणालाही सांगायचं नसतं, जीव गेला तरी नाही. इतिहासकार म्हणतात की खरं भांडण एका मठाचा प्रमुख कुणी नेमायचा यावरून राजा आणि आर्चबिशप यांच्यात होतं, आणि नेपोमुक त्यात आर्चबिशपच्या बाजूने सापडले. राणीची गोष्ट नंतर जोडली गेली. पण लोकांच्या मनात तीच राहिली. १७१९ मध्ये त्यांचं थडगं उघडलं तेव्हा आत जीभ शाबूत सापडली असं मानलं गेलं, आणि १७२९ मध्ये त्यांना संतपद मिळालं. विसाव्या शतकात तपासणी झाली तेव्हा ती जीभ नसून मेंदूचा भाग असल्याचं निघालं. मला व्यक्तिशः त्याने काही फरक पडत नाही. न बोलल्याबद्दल मेलेला माणूस म्हणून मी त्यांच्यापुढे मेणबत्ती लावते.

आता तारखा जुळवून बघा. संतपद १७२९, चर्चचा पाया १७३३. एगिडने हे चर्च बांधलं ते त्या वेळच्या सगळ्यात नव्या संतासाठी.

---

इसारकाठ

वसईची, हे तारखांचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

एक भर घालते, म्हणजे काकांचा गैरसमज राहायला नको. आज दिसतं ते सगळं आझाम बंधूंच्या हातचं नाही. १९४४ च्या बॉम्बहल्ल्यांत वेदीकडच्या भागाचं बरंच नुकसान झालं. युद्धानंतर ते जेमतेम उभं केलं होतं. पुढे १९७५ ते १९८३ या काळात जुने कागद आणि पुरावे शोधून तो भाग मूळच्यासारखा करण्याचा प्रयत्न झाला. त्यामुळे वेदीवरचा उजेड आज जसा पडतो त्यात या दुरुस्ती करणाऱ्यांचाही वाटा आहे.

आणि काका, आज सकाळी गेले होते. टवका सापडला! मागच्या बाकांच्या बाजूला, तुम्ही म्हणालात तसाच, नखाएवढा. मी वाकून बघत होते तर साफसफाई करणाऱ्या बाई येऊन विचारायला लागल्या की काही हरवलंय का. मी त्यांना सांगितलं की भारतात एक मूर्तिकार आहेत, त्यांना हा टवका आवडला. त्याही वाकल्या आणि आम्ही दोघींनी बघितलं.

---

पेणचा मूर्तिकार

सगळ्यांचे आभार. ताई, त्या बाईंनाही नमस्कार सांगा.

आधी साधी_रेघ यांना. तुमच्या कौलारू देवळातल्या समईला मी कधी कमी म्हणणार नाही. पण माझं एक बघणं सांगतो. आमच्या धंद्यात भरगच्च काम दोन तऱ्हेने होतं. एक, रिकामी जागा दिसली की भीतीने काहीतरी चिकटवायचं, दोन मोती, एक मोरपीस. गिऱ्हाइकाला चालतं, पण आपल्याला रात्री झोप लागत नाही. दुसरं, एकही गोष्ट काढता येत नाही असं भरगच्च. मी तिथे बाकावर बसून मनातल्या मनात एकेक वस्तू काढून बघितली. हा देवदूत काढला तर? तो सज्जाचा वळसा सरळ केला तर? प्रत्येक वेळी वरचा उजेड तुटला. पाऊण तास बसलो आणि एकही वस्तू काढता आली नाही.

चुनखडीताई, तुमचं वाचून मी दुसऱ्याच दिवशी करायला घेतलं. सरस घरात होता. वडिलांच्या वेळी आम्ही साचेच सरसाचे करायचो, रबर नंतर आलं. रात्रभर भिजत घातला, सकाळी पाण्यावर भांडं ठेवून वितळवला, बोटांना जेमतेम चिकटेल इतपत पातळ केला. एका वाटीत नुसतं पाणी, एका वाटीत हे पाणी, दोन्हींत तेच पीओपी. पाण्यातलं अकरा मिनिटांत आवळलं. सरसातलं दुपारी जेवून आलो तरी मळता येत होतं. ४१ वर्षं मी पीओपीच्या मागे पळतोय, त्या दिवशी पहिल्यांदा ते माझ्यासाठी थांबलं.

गेरूचा एक गोळा केला, गेरू आणि व्हाइटिंगचा (खडूच्या पांढऱ्या पुडीचा) एक, काजळीचा अगदी लहान एक. तोडले, पांढरी साय ओतली, फळीखाली दाबले. कापायला सुरी घेतली तर कड ओढली गेली, मग बायकोने दोरा आणून दिला. दोऱ्याने काप स्वच्छ निघतात. पहिला काप उघडल्यावर घरातली सगळी जमली. आतमध्ये गुलाबी, त्यात पांढरी रेघ फिरत गेलेली आणि एका कोपऱ्यात काळपट ढग. त्यातलं काहीही मी काढलेलं नव्हतं आणि तरी सगळं माझ्याच हातचं होतं.

एक फूट बाय एक फूट फळीवर लावले. आता घासणं चालू आहे. पाण्याचा पॉलिश पेपर वापरतोय, २२० पासून सुरुवात करून ६०० पर्यंत आलो. तुम्ही म्हणालात तशी भोकं उघडी पडतात, सुईच्या टोकाएवढी. चार वेळा भरून झाली. पण दोन अडचणी आल्यात. एक म्हणजे काळपट ढगाच्या भोवती केसाएवढ्या चिरा आल्या आहेत, गुलाबी भागात एकही नाही. काजळी जास्त झाली, की तो गोळा मी जास्त ओला ठेवला? दुसरं, भरलेली भोकं वाळल्यावर आजूबाजूपेक्षा किंचित फिकी दिसतात. भरायच्या पीओपीत रंग वाढवायचा की सरस?

तिसरा काप मी घासलेला नाही, तसाच ठेवलाय. नातू आठ वर्षांचा आहे, तो शाळेतून आला की त्याच्यावरून बोट फिरवतो आणि शीर कुठे गायब होते ते शोधतो. काल त्याने काप उलटा केला आणि पाठीमागे तीच शीर सापडली तेव्हा ओरडत शेडमध्ये आला.

जवसाचं तेल आणून ठेवलंय. १००० चा कागद झाल्याशिवाय लावणार नाही. तोवर त्या चिरांचं तेवढं सांगा.

---

चुनखडी

काका, काजळीच जास्त झाली. ती तेलकट असते, पाणी नीट घेत नाही, त्यामुळे तो गोळा आखडतो. काळा लोखंडी ऑक्साइड मिळाला तर तो वापरा, आणि कोरडा न घालता आधी सरसाच्या पाण्यात घोटून घ्या. चिरा आत्ता भरू नका, फळी आणखी दहाबारा दिवस सावलीत वाळू द्या, आतली ओल गेल्यावर किती उघडतात ते बघून मग भरा. भोकांच्या भरणीत सरस थोडा वाढवा, रंग नको. फिकेपणा तेल लावल्यावर बराचसा जातो.

दोऱ्याने कापायचं आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. वहिनींना सांगा, मी आता तसंच करणार आहे.